ड्रिफ्ट शिकायला स्वस्तातली मिड-इंजिन गाडी घेताय? आधी तिच्याखाली झोपून बघा

पहिल्या दिवशी माझी गाडी ३४ वेळा गोल फिरली. आकडा पक्का आहे, कारण धाकटा भाऊ कडेला खुर्ची टाकून वहीत रेघा मारत बसला होता. चार उभ्या, पाचवी आडवी. पाणी मारून ओलं केलेलं मोकळं मैदान, मधोमध एक शंकू, आणि मी टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या टर्बो एमआर२ मध्ये, म्हणजे इंजिन सीटच्या मागे असलेल्या मिड-इंजिन गाडीत. संध्याकाळपर्यंत गाडी एकतर सरळ चालत होती, नाहीतर उलट्या तोंडाने उभी होती. आडवी, म्हणजे बूड बाहेर काढून ताब्यात घसरत वळणारी, ज्याला ड्रिफ्ट म्हणतात आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती एकदाही नाही.

गाडीचा काही दोष नव्हता. मी ती निवडली होती आवाज ऐकून आणि टर्बो, म्हणजे जादा ताकदीसाठी इंजिनात हवा कोंबणारं यंत्र, आहे म्हणून. शिकणाऱ्याने ज्या गोष्टी बघायच्या, त्यांतली एकही बघितली नव्हती. पुढे ती विकली, दुसरी घेतली, आणि त्या दुसरीवर शिकले. ती दुसरी कशी निवडायची, ते सांगते.

एक खरं आधीच सांगून टाकते. फक्त ड्रिफ्ट शिकायचं असेल तर इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना अशी गाडी घ्या. माझदाची एमएक्स-५ किंवा बीएमडब्ल्यूची ई३६ तुम्हाला निम्म्या वेळात शिकवेल. मिड-इंजिन घ्यायची ती हौसेसाठी, आणि हौसेला मोल नसतं असं म्हणतात. मी मात्र ते टायरच्या रूपात मोजलंय.

आता ही जात अवघड का, ते समजून घ्या, म्हणजे निवड आपोआप सोपी होते. दोन्ही हात पसरून प्रत्येक हातात पाण्याची बादली धरा आणि गिरकी घ्या. मग त्याच बादल्या पोटाशी घट्ट धरून घ्या. दुसऱ्यांदा तुम्ही झटकन फिराल. मिड-इंजिन गाडीत इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे असतं, म्हणजे सगळ्यात जड वस्तू गाडीच्या पोटाशी. त्यामुळे ती वळायला चपळ, आणि एकदा फिरायला लागली की तितक्याच चपळाईने पुरती फिरून जाणारी. त्यात अशा बऱ्याच गाड्यांचं ५५ ते ५८ टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. वळणात घाबरून रेस सोडली की वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात, आणि ते जड बूड बाहेरच्या बाजूला निघतं.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. एमएक्स-५ सारख्या गाडीत तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले असता. बूड सरकलं की ते कंबरेला कळतं. मिड-इंजिनमध्ये मात्र तुम्ही इंजिनच्या पुढे बसता, गाडी ज्या बिंदूभोवती फिरते त्याच्याही थोडं पुढे. मागे काय चाललंय याची खबर कंबरेपर्यंत उशिरा येते, आणि तोवर हातात करण्यासारखं फार उरलेलं नसतं.

म्हणून माझा निकष एकच: मागचं बूड सुटल्यापासून ते तुम्हाला कळेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात गाडी फार पुढे निघून गेलेली नको. त्यासाठी व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, लांब हवा, ताकद बेताची आणि सरळ रेषेत वाढणारी हवी, मागच्या सस्पेंशनचे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, धड हवेत, आणि टायर कमी वेगात सुटणारे हवेत. हॉर्सपॉवरचा मोठा आकडा या यादीत कुठेच नाही.

या निकषावर माझी पहिली पसंती तिसऱ्या पिढीची एमआर२, जिला काही ठिकाणी एमआर-एस म्हणतात. १९९९ ते २००७ या काळात बनली. व्हीलबेस २४५० मिलिमीटर. तिन्ही पिढ्यांत सगळ्यात लांब. पहिलीचा २३२० आणि दुसरीचा २४०० आहे. वजन टनाच्या आसपास. १.८ लिटरचं १झेडझेड-एफई इंजिन, १४० च्या आसपास हॉर्सपॉवर, टर्बो नाही. पायाने जेवढी रेस द्याल तेवढीच आणि तेव्हाच मिळते. इंजिन आणि गिअरबॉक्स टोयोटाच्या साध्या कुटुंबांच्या गाड्यांच्याच घराण्यातले, त्यामुळे सुटे भाग शोधायला वणवण होत नाही.

ही घेताना दोन गोष्टींत फसू नका. पहिली, तिचा एक प्रकार क्लच पेडल नसलेला येतो, सिक्वेन्शियल मॅन्युअल नावाचा. चालवायला मजेदार आहे, पण आपल्या कामाचा नाही. क्लचला किक मारता येत नाही, म्हणजे क्लच झटक्यात दाबून-सोडून मागची चाकं सरकवता येत नाहीत, आणि गाडी फिरायला लागल्यावर क्लच दाबून इंजिन सोडवता येत नाही. दुसरी, सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच दोन छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारे डबे, बसवलेले असतात. त्यांची आतली सिरॅमिक जाळी कालांतराने भुगा होते, आणि तो भुगा उलटा इंजिनात ओढला जाऊन सिलिंडर खराब करतो. तपासायला फार काही लागत नाही: मॅनिफोल्डवरचे दोन ऑक्सिजन सेन्सर काढायचे आणि त्या भोकातून टॉर्च मारून बघायचं. जाळी अखंड दिसली तर ठीक. रिकामी पोकळी दिसली तर विकणाऱ्याला विचारा, जाळी कोणी काढली की आपोआप गेली? पहिलं उत्तर चांगलं. दुसरं आलं तर चहा न घेता उठा. या इंजिनाच्या २००२ पर्यंतच्या गाड्या ऑइल पिण्यासाठीही प्रसिद्ध आहेत, तेव्हा डिपस्टिक बघितल्याशिवाय चावी फिरवू नका.

दुसऱ्या पिढीची, १९८९ ते १९९९ ची, दिसायला तिघींत देखणी. तिची बदनामी बरीच झाली. सुरुवातीच्या गाड्यांना पुढे १९५ आणि मागे २०५ रुंदीचे १४ इंची टायर होते, आणि वळणात रेस सोडली की त्या अचानक फिरतात अशी ओरड झाली. १९९२ च्या आसपास टोयोटाने सस्पेंशन बदललं, चाकं १५ इंची केली आणि मागचे टायर २२५ चे केले. वापरलेली घ्यायची असेल तर या बदलानंतरचीच घ्या, आणि टर्बो नसलेली. टर्बोचा घोळ असा: गाडी आडवी झाल्यावर तुम्ही थोडी रेस मागता, ती लगेच येत नाही, म्हणून आणखी दाबता, मग सगळी एकदम येते. माझ्या ३४ रेघांतल्या निदान वीस तरी या एका कारणाच्या होत्या. टर्बो वाईट नाही. माझाच पाय तेव्हा रेसवर तयार झालेला नव्हता.

पहिल्या पिढीची, १९८४ ते ८९ ची, मनाने फार गोड गाडी आहे, पण व्हीलबेस आखूड आणि अंगभर गंज. चाकांच्या कमानी, दाराखालची पट्टी, छताच्या काचांच्या कडा, सगळीकडे. पाचवा गिअर आपोआप बाहेर येणं ही तिची जुनी खोड. आपल्याला पाचवा लागत नाही हे खरं, पण गिअरबॉक्स किती थकलाय ते त्यावरून कळतं. आज चांगली सापडली तर ती घसरवू नका, जपा.

पोर्शची बॉक्सस्टर, १९९६ ते २००४ ची ९८६, स्वस्त दिसते तेव्हा मन पाघळतं. तोल सुरेख, २.५ लिटरची मूळ गाडी २०४ हॉर्सपॉवरची. पण हिच्या इंजिनात मधल्या शाफ्टचं बेअरिंग गेलं की इंजिनच जातं. शिवाय लांब वळणात ऑइल एका बाजूला जमा होऊन पंपाला मिळेनासं होण्याची भीती असते, आणि ड्रिफ्ट म्हणजे लांब वळणच. घ्यायचीच असेल तर ऑइल फिल्टर कापून आत धातूची चमक आहे का बघा, आणि बेअरिंग बदलल्याचं बिल मागा. तोंडी शब्द चालणार नाही. हँडब्रेक हा हिचा आणखी एक कच्चा दुवा: मागच्या डिस्कच्या आत छोटे ड्रम ब्रेक आहेत, गाडी उभी करून ठेवण्यापुरते. चालत्या गाडीचं बूड काढायला ते फारसे उपयोगी नाहीत.

एमजीएफ आणि तिची पुढची टीएफ बहुतेक ठिकाणी या यादीत सगळ्यात स्वस्त मिळते. का, ते हेड गॅस्केट सांगेल: इंजिनाच्या डोक्याखालचं हे पातळ सील फुटलं की पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतात. ऑइलचं झाकण उघडून आत साबणाच्या फेसासारखा पिवळट चिकटा दिसतो का बघा. एमजीएफचं सस्पेंशन द्रव आणि वायूवर चालतं, आणि दाब उतरला की गाडी एका बाजूला बसते. २००२ च्या टीएफपासून साध्या स्प्रिंगा आल्या, म्हणून टीएफ बरी. पाँटिअॅक फिएरो घ्यायची तर १९८८ चीच, कारण त्याआधीच्या गाड्यांचं मागचं सस्पेंशन म्हणजे दुसऱ्या एका गाडीचं पुढचं सस्पेंशन उलटं फिरवून बसवलेलं होतं. १९८४ च्या फिएरोला इंजिनात आग लागण्याच्या घटनांमुळे परत बोलवावं लागलं होतं, हेही लक्षात असू द्या. फियाट एक्स१/९ चा व्हीलबेस २२०२ मिलिमीटर आहे. यापुढे मी काही बोलत नाही.

आता तपासणी. शीर्षकात म्हटलं तसं, गाडी जॅकवर घ्या, खाली पक्के स्टँड लावा आणि झोपून आत जा. वरचा रंग आणि आतली सीट बघण्यात लोक तास घालवतात, खाली दोन मिनिटं. मी उलटं करते.

सगळ्यात आधी मागच्या चाकांचे बुश आणि आडव्या सळ्या. मागचं चाक दोन्ही हातांनी नऊ आणि तीनच्या ठिकाणी धरून हलवा. किंचितही खडखडलं तर रेस सोडल्याक्षणी ते चाक आपलं तोंड बाहेर वळवणार, आणि गाडी तुम्हाला न विचारता वळणार. लोक ज्याला मिड-इंजिनचा स्वभाव म्हणतात, त्यातला कितीतरी भाग हा झिजलेल्या रबराचा असतो. माझ्या दुसऱ्या गाडीचे मागचे सगळे बुश बदलले आणि अलाइनमेंट करून मागची चाकं किंचित आत वळवली, तेव्हा ती वेगळीच गाडी झाली. म्हणून गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे बाजूला ठेवा आणि त्यांतला पहिला खर्च इथे करा, एक्झॉस्टवर नाही.

मग कूलंटचे पाइप. या गाड्यांत रेडिएटर बहुधा पुढे आणि इंजिन मागे, म्हणून पाणी गाडीच्या पोटाखालून लांबून जातं-येतं. लोखंडी पाइप गंजलेत का, कुठे दगड लागून चेपलेत का, हे हात फिरवून बघा. आडव्या चालणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा कमी मिळतो, त्यामुळे या पाइपांवर ताण जास्त. शिवाय पाणी बदलताना एवढ्या लांबीत हवेचा बुडबुडा अडकतो, आणि काटा नॉर्मल दाखवत असताना इंजिन तापतं. हवा काढायची प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी असते, सर्व्हिसच्या पुस्तकातली शब्दशः पाळा.

पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने वाकवा. भेगा दिसल्या तर त्या बदलल्याशिवाय इंजिन सुरूच करू नका. गरम इंजिन तुमच्या पाठीमागे बंद खोलीत आहे. धूर आरशात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अग्निशामक सीटवरून हात पोचेल असा लावा.

हँडब्रेकची परीक्षा मला आवडते, कारण ती खोटं बोलत नाही. सैल खडीवर चालण्याच्या वेगाने जा आणि कचकन ओढा. उतरून बघा: मागच्या दोन्ही चाकांच्या फरफटीचे चर सारख्या लांबीचे असले पाहिजेत. एकच चर दिसला तर दुसऱ्या चाकाचा ब्रेक कॅलिपर जाम आहे. तो दुरुस्त होतो, पण तेवढा भाव पाडा.

डिफरन्शियल, म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, तपासायला स्टिअरिंग पूर्ण वळवून रिकाम्या जागेत सावकाश गोल फिरा. गाडी गुपचूप फिरली तर डिफरन्शियल साधा आहे. टायर चिरचिरले, गाडी उड्या मारत फिरली, तर कुणीतरी त्याला वेल्डिंग मारलंय किंवा घट्ट एलएसडी, म्हणजे एकच चाक भिरभिरू न देणारा डिफरन्शियल, बसवलाय. साध्या डिफरन्शियलने शिकता येतं, ओल्यावर तर नक्कीच, फक्त आतलं चाक भिरभिरतं. मिळाला तर एलएसडीवाला घ्या. वेल्डिंग मला पटत नाही: इथे डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतो, टवका उडाला तर तो गिअरांतच जाणार, आणि सगळा पीळ ॲक्सलवर पडतो.

शेवटी सेकंड गिअर. तुमचं सगळं शिक्षण त्या एकाच गिअरमध्ये होणार आहे. सेकंडमध्ये इंजिन वरच्या आरपीएमला नेऊन रेस एकदम सोडा, पुन्हा द्या. दांडी उडाली तर गिअरबॉक्स थकलाय. नुसती ढिली आणि गुळगुळीत लागत असेल तर घाबरू नका, दांडीपासून इंजिनापर्यंत लांब केबल असतात, त्यांचे बुश झिजतात. ते स्वस्तातलं काम आहे.

गाडी आली की लोक ती हलकी करायला घेतात. थांबा. एमआर२ असो की बॉक्सस्टर, जादा चाक पुढच्या बोनेटखाली असतं, आणि तेवढंच वजन पुढच्या टायरना रस्त्यावर दाबून ठेवतं. ते काढलंत तर नाक आणखी हलकं होऊन गाडी आधी सरळच जाईल, आणि मग एकदम फिरेल. मी ते घट्ट बांधून तसंच ठेवते. बॉक्सस्टरची पेट्रोलची टाकीही पुढेच आहे, तेव्हा ती रिकामी होईल तसा सकाळ-संध्याकाळचा फरक जाणवेल. काढायचं तर मागचं सामान काढा. आणि छत कापडी असेल तर आधी रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारा लोखंडी दांडा, मग बाकी सगळं.

टायरच्या बाबतीत माझा सल्ला ऐकून दुकानदार हसतो. पुढे चांगले, मागे अरुंद, कडक आणि स्वस्त. महागडा चिकट टायर मागे लावलात तर बूड सुटेलच, पण जास्त वेगाने सुटेल, आणि तुम्हाला वेळ कमी मिळेल. अरुंद टायर कमी वेगात सरकतात, सगळं सावकाश घडतं. पण हे टायर फक्त बंद मैदानासाठी. घरी जाताना मूळ मापाचे चढवा, किंवा गाडी ट्रेलरवर न्या. ही जोडी सार्वजनिक रस्त्यावर पावसात काय करेल ते मला आजमावायचं नाही. १४० हॉर्सपॉवरची गाडी कोरड्यावर फार वेळ आडवी राहणार नाही हेही मान्य करा; मागचं वजन टायरना चिकटवून ठेवतं. म्हणून पाणी. ओलं मैदान ही तुमची खरी खरेदी आहे, जागा परवानगीने घेतलेली, कडेला खांब नाही, कठडा नाही, आणि तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट मोठी.

पहिल्या दिवशी फक्त एक शंकू आणि त्याभोवती गोल. सेकंडमध्ये, एकसारखी रेस. हळूहळू वाढवत न्या. आधी नाक बाहेर जाऊ लागेल. तिथे रेस अर्धीच कमी करा, पूर्ण सोडू नका. नाक आत येईल, पाठोपाठ बूड निघेल. त्या क्षणी स्टिअरिंग हातातून सैल सोडा, ते स्वतःच घसरणीच्या दिशेने धावतं. तुम्ही फक्त कुठे थांबवायचं ते ठरवा आणि रेस हलकी धरून ठेवा. डोळे शंकूच्या पलीकडे, जिथे जायचंय तिथे. मिड-इंजिनमध्ये कंबर उशिरा सांगते, म्हणून डोळ्यांनीच आधी ओळखायला शिकावं लागतं: क्षितिज जास्त वेगाने सरकू लागलं की काउंटर द्यायची, म्हणजे स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने फिरवायची, वेळ झालीच. मोठ्या कोनाच्या मागे लागू नका, या गाड्यांचं स्टिअरिंग तेवढं वळतच नाही.

फिरलात तर दोन्ही पाय खाली, क्लच आणि ब्रेक, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत तसेच. अर्धवट फिरून अचानक पकड परत मिळाली की गाडी उलट्या बाजूला झेपावते, आणि धडका तिथेच होतात. हँडब्रेकने सुरुवात तिसऱ्या-चौथ्या वेळी करा. क्लच किक त्याही नंतर, कारण तिचा हिशेब ॲक्सल भरतात. आठचा आकडा काढायची घाई नको. एका बाजूकडून दुसरीकडे जाताना हे बूड लंबकासारखं येतं, आणि मला तो एक बदल जमायला सात दिवस लागले. सात दिवस सलग नव्हे, सात वेळा मैदान ओलं करून.

दर दहा मिनिटांनी थांबा. इंजिनचं झाकण उघडा, पंखा चालू राहू द्या, ऑइल बघा. निघताना चाकांचे नट पान्याने तपासा आणि ॲक्सलच्या रबरी टोप्यांना हात लावून बघा, ग्रीस बाहेर आलं असेल तर फाटलीय. भावाची वही अजून आहे. शेवटच्या भरलेल्या पानावर दिवसभराच्या तीन रेघा आहेत, आणि त्यांतली एक त्याची स्वतःची. गाडी त्याला चालवायला दिली होती.